मोटारीचे आवाज आणि आपले कान



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला. तेव्हापासून वसंत ऋतू आला की महाराष्ट्रात गावोगावी धर्म, राजकारण, साहित्य, इतिहास अशा थोर विषयांवर व्याख्याने होतात. अशा व्यासपीठावर मोटारीचा खडखडाट आणून ठेवणे कोणाला विचित्र वाटेल. परंतु आमचे म्हणणे असे, की ज्या विषयावर रोज आपला आणि आपल्या मुलाबाळांचा जीव अवलंबून असतो, तो विषय लहान नव्हे. आसगावाहून पवनीला, पवनीहून भंडाऱ्याला, भंडाऱ्याहून नागपूरला जाणारा माणूस आज मोटारीत बसून जातो. बाळंतीण दवाखान्यात जाते ती मोटारीतून, नवरदेव मांडवात येतो तो मोटारीतून आणि धानाचे पोते बाजारात जाते तेही मोटारीतूनच. ती मोटार वाटेत जेव्हा काही वेगळेच बोलू लागते, तेव्हा तिचे बोलणे समजून घ्यावे कसे आणि त्यावर करावे काय, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

आवाजावरून वस्तूची पारख करणे ही काही परदेशातून आलेली विद्या नव्हे. बाजारात मडके घेणारी बाई ते आधी बोटाने वाजवून पाहते. ठणठणीत वाजले तर पैसे देते, भद्द वाजले तर परत ठेवते. भंडारा हे तर पितळी भांड्यांचे गाव. भांड्याला डोळ्यांना न दिसणारी चीर गेली असेल तर तांबटाच्या कानाला ती कळते. रेल्वेच्या स्थानकावर लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या चाकांवर ठोके मारीत जाणारा कामगार आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिला असेल. तोही चाकाचे आरोग्य कानानेच तपासत असे. व्हिएन्नामधील आउएनब्रुगर नावाच्या वैद्याने १७६१ साली रोग्याच्या छातीवर बोटे ठोकून रोग ओळखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ एका खाणावळवाल्याचा मुलगा होता आणि दारूचे पिंप कुठवर भरले आहे हे वाजवून पाहण्याच्या रीतीवरून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. पुढे १८१६ साली पॅरिसमध्ये लॅनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातून डॉक्टरांच्या गळ्यातली नळी जन्माला आली. तेव्हा मडके, भांडे, चाक आणि छाती ही सारी ज्या न्यायाने बोलतात, त्याच न्यायाने मोटारही बोलते. अडचण एवढीच, की मोटारीत एकाच वेळी शेकडो भाग बोलत असतात. त्या गलक्यातून एकाचा आवाज वेगळा काढायचा तर काही रीत पाहिजे.

बहुतेक मंडळी चूक करतात ती पहिल्याच पायरीवर. गाडी वाजू लागली की ते विचारतात, "हा आवाज कसला?" मग एक म्हणतो खडखड, दुसरा म्हणतो घरघर, तिसरा म्हणतो कुईंकुईं, आणि तिघांचे भांडण संपेपर्यंत गाडी बंद पडते. आवाजाचे वर्णन करण्यात भाषा अपुरी पडते. शिवाय पोलादातून आवाज हवेतल्यापेक्षा चौदा-पंधरा पट वेगाने धावतो. त्यामुळे मागच्या चाकाचा आवाज पुढच्या माणसाच्या पायाखाली ऐकू येतो आणि शोधणारा भलत्याच ठिकाणी शोधत राहतो. म्हणून आमचे पहिले आणि खरे तर एकमेव सूत्र असे : आवाज कसा आहे हे नंतर विचारा, तो कशाबरोबर बदलतो, हे आधी विचारा. इंजिनाच्या गतीबरोबर बदलतो काय? चाकाच्या गतीबरोबर बदलतो काय? ब्रेक दाबल्यावर, वळण घेतल्यावर, खड्ड्यात आदळल्यावर, क्लच दाबल्यावर बदलतो काय? या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाली की शेकडो भागांतून पाच-दहा भाग उरतात आणि चोर जवळजवळ सापडल्यासारखाच असतो.

प्रश्न विचारण्याची रीत सोपी आहे. गाडी घराच्या अंगणात उभी करा, हातब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हळूहळू रेस द्या. रस्त्यावरचा आवाज इथेही आला आणि रेसबरोबर चढला-उतरला, तर तो इंजिनाच्या घरातला. आला नाही, तर तो चाकांकडचा किंवा चाकांपर्यंत शक्ती नेणाऱ्या दांड्यांकडचा असण्याचा संभव अधिक. दुसरी परीक्षा रस्त्यावरची. सरळ, मोकळा, सपाट रस्ता पाहून मध्यम वेगात असताना गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाका. इंजिनाची गती एकदम खाली येते, चाकांची मात्र तशीच राहते. आवाजही खाली आला तर तो इंजिनाचा. आवाज तसाच राहिला तर तो चाकांचा. मात्र येथे एक ताकीद द्यावीच लागते. हा प्रयोग चार-पाच सेकंदांचा आहे आणि त्यात किल्ली कधीही बंद करावयाची नाही. किल्ली काढली तर स्टीअरिंगला कुलूप बसू शकते आणि ब्रेकला मिळणारी इंजिनाची मदतही संपते. उतारावर आणि वर्दळीत तर हा खेळ करूच नये. ज्या गाडीत गिअर आपोआप पडतात, तिच्यात चालताना न्यूट्रलच्या वाटेस न जाता फक्त ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून फरक ऐकावा.

या परीक्षेला थोडे गणित जोडले म्हणजे ती आणखी पक्की होते. साधारण मोटारीच्या चाकाचा व्यास टायरसकट साठ सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका फेऱ्यात ते सुमारे १.९ मीटर पुढे जाते. ताशी ९ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणूस पळत जाईल त्या चालीने, गाडी नेली तर सेकंदाला अडीच मीटर अंतर तोडले जाते आणि चाकाचे तीन सेकंदांत चार फेरे होतात. याउलट इंजिन अगदी मंद चालले तरी मिनिटाला साडेसातशे-आठशे, म्हणजे सेकंदाला बारा-तेरा फेरे घेते. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या गतीने, सेकंदाला सहा-साडेसहा फेरे फिरतो. याचा अर्थ काय? हळू चालीत जी टक्-टक् बोटांवर मोजता येते, ती चाकाची. जी मोजता मोजता बोटे थकतात, ती इंजिनाची. ज्याच्याजवळ दुसरे कोणतेही यंत्र नाही, त्याच्या हाताला पाच बोटे आहेत हे काही थोडे नव्हे.

आता एकेक घर पाहू. प्रथम इंजिनाचे. सकाळी गाडी सुरू करताच किंचाळी फुटते आणि दोन मिनिटांत विरते, तेव्हा बहुधा पट्टा सैल झालेला असतो किंवा जुना होऊन घसरत असतो. आपण फॅनबेल्ट म्हणतो तोच हा. पुष्कळ गाड्यांत तो आता पंखा फिरवीत नाही, तरी नाव टिकून आहे. पट्टा बदलण्याचा खर्च थोडा, पण तो तुटला की बॅटरीचे चार्जिंग थांबते आणि पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही बंद पडून इंजिन तापते. दुसरा आवाज वरच्या बाजूने येणारा, शिवणयंत्रासारखा टिक्-टिक् असा, म्हणजे टॅपेटचा. तो आला की आधी बॉनेट उघडून ऑइलची काडी पाहावी, कारण ऑइल कमी झाले तरी टॅपेट वाजतात. तिसरा, चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटताना येणारा, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. येथे इंजिनावर झेपेपेक्षा अधिक भार पडतो आहे. गिअर खाली घ्यावा, तो बहुधा थांबतो; न थांबला तर पेट्रोल आणि इंजिनाची जुळणी तपासून घ्यावी. चौथा आवाज मात्र निराळा आहे. खोलातून, जड, ठक्-ठक् असा, रेस दिली की वाढणारा. हा खालच्या बेअरिंगचा ठोका होय. त्याबरोबर समोरचा ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन तेथेच बंद करावे. त्यानंतर नेलेला एकेक किलोमीटर म्हणजे इंजिनाच्या किमतीतून दिलेले भाडे समजावे.

सायलेन्सरच्या नळीला भोक पडले किंवा जोड सुटला म्हणजे फट्-फट् असा आवाज येतो. तो थंड इंजिनावर मोठा असतो आणि तापल्यावर कधी कधी कमी होतो, कारण लोखंड प्रसरण पावून फट बुजते. गावात हा आवाज पुष्कळांना रुबाबाचा वाटतो. परंतु त्या फटीतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीच्या रात्री काचा लावून चाललेल्या गाडीत तो शिरला, तर आधी डोके दुखते, मग गुंगी येते, मग माणूस जागा होत नाही. फटफटणाऱ्या गाडीत बसल्यावर डोके जड झाले तर काचा उघडा, गाडी थांबवा, सर्वांना खाली उतरवा. तेथे रुबाब पाहू नका.

दुसरे घर चाकांचे. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं अशी घरघर ऐकू आली, तर दोन संशयित असतात : टायर आणि चाकाचे बेअरिंग. रस्ता डांबरी होता तो सिमेंटचा झाला आणि आवाज बदलला, तर टायर. रस्ता बदलूनही आवाज तोच राहिला, तर बेअरिंग. मग लांब वळण घेताना कान द्यावा. उजवीकडे वळताना गाडीचे वजन डाव्या चाकांवर जाते. तेव्हा घरघर वाढली तर डाव्या बाजूचे बेअरिंग दुखते आहे असे समजावे. डावीकडे वळताना वाढली तर उजवीकडचे. माणूस दुखऱ्या पायावर भार पडला की कण्हतो, तसेच हे आहे.

आपला हा चौरासाचा पट्टा धानाचा. येथल्या चाकांना येथलेच काही आजार होतात आणि ते कोणत्याही कंपनीच्या पुस्तकात सापडावयाचे नाहीत. पावसाळ्यात पांदणीतून आलेल्या गाडीच्या चाकाच्या आतल्या बाजूला बांधीचा चिखल बसतो आणि वाळून विटेसारखा होतो. मग पक्क्या रस्त्यावर ताशी साठ-सत्तरच्या वेगाला स्टीअरिंग थरथरू लागते आणि मालक घाबरून गॅरेज गाठतो. आधी पाण्याच्या जोरदार धारेने चाके आतून धुवा. पुष्कळदा रोग तेवढ्यानेच जातो. दुसरा आजार मळणीच्या हंगामातला. रस्त्यावर पसरलेल्या तणसावरून गाडी नेली की काड्या खालच्या फिरत्या दांड्याला गुंडाळल्या जातात आणि सर्-सर् असा आवाज येतो. पण आवाजापेक्षा मोठी गोष्ट अशी, की तापलेल्या सायलेन्सरजवळ कोरडे तणीस अडकले तर ते पेटू शकते. असा आवाज आला की थोडे पुढे, तणसापासून दूर, मोकळ्या जागी गाडी उभी करावी, इंजिन बंद करून वाकून पाहावे आणि नळी निवल्यावर काड्या ओढून काढाव्यात. तिसरा आजार तर अगदी निरुपद्रवी : टायरच्या खाचेत अडकलेला खडा. त्याची टक्-टक् बोटांवर मोजता येते आणि पान्याच्या टोकाने तो काढता येतो. मात्र खडा समजून जे काढायला जाल तो खिळा निघाला, तर तो तेथेच उपटू नका. आधी स्टेपनीत हवा आहे की नाही ते पाहा.

तिसरे घर ब्रेकचे. सकाळच्या दवाने किंवा पावसाने चकतीवर हलका गंज येतो, त्याने पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात आणि मग गप्प होतात. ते सोडून द्यावे. परंतु अनेक गाड्यांच्या ब्रेक पॅडला मुद्दामच एक लहान पत्री बसविलेली असते. पॅड झिजून सुमारे दोन-तीन मिलिमीटर उरला की ती चकतीला घासून किंचाळते. ही किंचाळी म्हणजे बिघाड नव्हे, इशारा आहे. तो ऐकून आठवड्यात पॅड बदलले तर काम थोडक्यात भागते. ऐकले नाही तर किंचाळी जाऊन कर्कश खरड सुरू होते, म्हणजे लोखंडावर लोखंड घासू लागते. त्या गाडीत आपण कोणालाही बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चौथे, वळणाचे आणि खड्ड्यांचे. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत स्टीअरिंग पुरते वळवून पुढे निघताना कट्-कट्-कट् आले, तर चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा बाहेरचा सांधा झिजला आहे. त्याच्यावरची रबरी टोपी फाटून ग्रीस गेले आणि धूळ शिरली, हे त्याचे नेहमीचे कारण. टोपी फाटली तेव्हाच बदलली असती तर सांधा वाचला असता. खड्ड्यात ठक् असा एकच ठोका येतो तो बहुधा शॉकॲब्सॉर्बरचा किंवा त्याच्या बुशांचा. परंतु त्यासाठी मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी डिकी उघडा. जॅक, पाना, स्टेपनी आणि मागच्या वर्षी लग्नाला नेलेला स्टीलचा डबा, हे चौघे मिळून कसा तमाशा करतात हे ज्याने पाहिले, तो आधी डिकी रिकामी करून मगच गाडी चालवून पाहतो.

पाचवे, क्लचचे. गाडी उभी आहे, न्यूट्रलमध्ये आहे आणि घरघर येते. क्लच दाबला की थांबते. दोष गिअरपेटीतल्या पुढच्या बेअरिंगचा. उलट, क्लच दाबला की सुरू होते आणि सोडला की थांबते. दोष क्लचच्या बेअरिंगचा. एका पायाच्या हालचालीने एवढे निदान होते. आपल्याच जिल्ह्यात गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, तेव्हा गिअर म्हणजे काय हे या जिल्ह्यास नव्याने सांगावयास नको. मात्र एक सांगतो. रिव्हर्समध्ये गाडी रडते म्हणून पुष्कळ जण काळजी करतात. त्या गिअरचे दाते बहुधा सरळ कापलेले असतात, म्हणून ते वाजतातच. पुढच्या गिअरचे दाते तिरपे असतात, म्हणून ते गप्प राहतात. अशीच काही निर्दोष बोलणी आणखी आहेत : गाडी बंद केल्यावर निवणाऱ्या सायलेन्सरची टिक्-टिक्, किल्ली काढल्यावरही थोडा वेळ फिरणारा पंखा, अचानक कचकन ब्रेक दाबल्यावर पायाखाली होणारी थरथर. ही शेवटची तर आपले प्राण वाचवणारी व्यवस्था आहे. तिला घाबरून पाय उचलू नये.

आता जागा शोधण्याविषयी. जुने मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या एकेका भागाला लावून त्याची मूठ कानाशी धरतात. डॉक्टर लॅनेकच्या सुरळीचेच हे गॅरेजातले भावंड. आपणही लाकडी दांडा घेऊन हे करू शकता. फक्त पंखा आणि पट्टा यांपासून हात दूर ठेवा. दुपट्टा, पदर, ओढणी, मोकळी बाही यांपैकी काहीही बॉनेटपाशी नको. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली, जॅक कितीही नवा असो, अंग घालू नका. रस्त्यावर शोध घ्यायचा असेल तर माणसे दोन पाहिजेत. एकाने चालवायचे आणि रस्ता पाहायचा, दुसऱ्याने ऐकायचे. चालवणारा मान वाकवून पायापाशी ऐकू लागला, तर आवाजाचे कारण सापडण्यापूर्वी झाड सापडते. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. दुसऱ्याने आवाज ध्वनिमुद्रित करावा आणि सोबत वेग किती, गिअर कोणता, इंजिन थंड की गरम, हे बोलून ठेवावे. गॅरेजच्या दारात गेल्यावर आवाज हटकून गप्प बसतो, हा सर्वांचा अनुभव आहे. त्याला हा पुरावा उत्तर देईल.

आम्ही आतापर्यंत यंत्राविषयी बोललो. परंतु हा विषय निवडण्याचे खरे कारण यंत्र नव्हे, माणूस आहे. समजा, एक भाड्याची गाडी आहे. दुपारी चाक पंक्चर झाले, घाईने स्टेपनी बसवली, नट आवळले ते अंदाजाने. संध्याकाळी नागपूरच्या दवाखान्यातून रोग्याला घेऊन ती परत निघाली. भंडाऱ्याच्या पुढे चालकाला मागून धब्-धब् ऐकू येऊ लागले. वेग कमी केला की कमी, वाढवला की जास्त. आपल्या सूत्राप्रमाणे हा चाकाचा आवाज. स्टीअरिंगही किंचित डुलते आहे. चालक मालकाला फोन करतो. मालक म्हणतो, "चालते आहे ना? मग चालू दे, सकाळी पाहू." मागचे नातेवाईक म्हणतात, "भाऊ, आधी घरी पोचवा." चालक गाणी मोठी करतो. येथे काय चुकले? चालकाचे कान चुकले नाहीत. त्याने ऐकले, ओळखले, सांगितलेसुद्धा. चुकले ते एवढेच, की ज्याने ऐकले त्याच्या हाती निर्णय नव्हता आणि ज्याच्या हाती निर्णय होता त्याने ऐकले नव्हते. त्या गाडीला हवी होती ती पाच मिनिटे : कडेला थांबणे, दिवे लुकलुकते ठेवणे, पाना काढून चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळणे आणि थोड्या अंतरावर पुन्हा एकदा तपासणे. नटांच्या भोकांचा आकार बिघडला असेल तर पुढे न जाणे. पाच मिनिटांच्या उशिराची आणि निखळलेल्या चाकाची तुलना करण्यास गणित लागत नाही.

म्हणून जे गाड्या बाळगतात त्यांना आमची एक विनंती आहे. चालक जेव्हा म्हणतो, "मालक, गाडी वेगळी वाजते आहे," तेव्हा त्याला कामचुकार समजू नका. महिन्यातून पंचवीस दिवस तो त्या गाडीत बसतो. तिचा नेहमीचा आवाज त्याच्या इतका दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही आणि नेहमीचा आवाज ठाऊक असल्यावाचून वेगळा आवाज कळत नाही. प्रवाशांनाही विनंती आहे. चालकाने गाडी थांबवून चाक पाहिले तर घड्याळ दाखवू नका. आणि मिस्त्रीविषयीही दोन शब्द. त्याने अर्धा तास नुसते ऐकले आणि दोन मिनिटांत पेच आवळला, तर मजुरी देताना "काम तर दोनच मिनिटांचे" असे म्हणू नका. ऐकण्याच्या अर्ध्या तासाचीच ती मजुरी आहे. नाहीतर तो उद्यापासून न ऐकताच भाग बदलू लागेल आणि त्याचे पैसे आपणच देऊ.

कोणी विचारील, नव्या गाड्यांत हे सारे कशाला? पूर्वी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट आणि पुढे तिचेच पद्मिनी हे नाव झालेली गाडी चालवणारा माणूस तिच्याशी बोलतच चालवीत असे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली आणि तो संवादही गेला. आजच्या गाडीत काचा बंद, थंड हवा सुरू, गाणी सुरू. शिवाय दोष सांगणारे दिवे समोर. पण ते दिवे इंजिनाविषयी पुष्कळ सांगतात, सैल नटाविषयी, फाटलेल्या रबरी टोपीविषयी, चिखलाने जड झालेल्या चाकाविषयी मात्र मौन बाळगतात. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत गाड्यांचा आवाज यंत्रांनी मोजला जातो, तो गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी. रस्त्यावर आल्यानंतर तिच्याजवळ राहतात ते आपले कानच. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर इंजिनाचा आवाजच नाही, तेव्हा चाकांची आणि ब्रेकची तक्रार तेथे अधिक स्पष्ट ऐकू येते. ऐकणाऱ्याचे काम त्यामुळे संपत नाही, सोपे होते.

तेव्हा श्रोतेहो, आठवड्यातून एकदा, ओळखीच्या रस्त्यावर, पाच मिनिटे गाणी बंद करा, काच खाली करा आणि गाडी चालवा. तिचा निरोगी आवाज कानात भरून घ्या. मग ज्या दिवशी ती वेगळी बोलेल, त्या दिवशी तुम्ही घाबरणार नाही आणि दुर्लक्षही करणार नाही. आधी विचाराल, हा आवाज कशाबरोबर बदलतो? उत्तर मिळाले तर मिस्त्रीचे काम अर्धे होईल. आवाजाबरोबर धूर, जळका वास, लाल दिवा किंवा स्टीअरिंगची डुलणी आली, तर उत्तराचीही वाट पाहणार नाही. गाडी कडेला घ्याल. आणि ऐकणारा दुसरा कोणी असेल, चालक असो, घरातले लेकरू असो, की मागच्या बाकावरची आजी असो, तर त्याचे ऐकाल.